सॅल्मनच्या वाहत्या जाळ्यांवरील बंदी आणि आपल्याकडचा रावस

प्रश्न (ऐरोली):
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सॅल्मनसाठी वाहती जाळी सोडण्यास २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. आयर्लंडने ही मासेमारी २००७ मध्ये थांबवली आणि स्कॉटलंडने तर १९६२ मध्येच. बंदीचा रोख नेमका वाहत्या जाळ्यांवरच का, आणि ठाणे खाडीबाहेर रावसासाठी सोडल्या जाणाऱ्या जाळ्यांनाही तोच नियम लावावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (चेंदणी, ठाणे):
सॅल्मन ज्या नदीत जन्मतो तिथेच अंडी घालायला परततो, म्हणून प्रत्येक नदीचा साठा वेगळा मोजावा लागतो. एका नदीत मासा मुबलक आणि शेजारच्या नदीत जेमतेम, असे असू शकते. परंतु समुद्रात प्रवाहाबरोबर सोडलेल्या जाळ्यात दोन्हीकडचे मासे एकत्रच येतात आणि कोणता कुठला, हे नाखव्याला कळण्याचा मार्ग नसतो. ईशान्य इंग्लंडमधील नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर सापडणारे बरेचसे मासे स्कॉटलंडच्या नद्यांकडे निघालेले असत, त्यामुळे स्वतः बंदी घातलेल्या स्कॉटलंडची तक्रार रास्तच होती.

उत्तर (दिवाळे, बेलापूर):
रावस सॅल्मनच्या कुळातला नाही आणि जन्माच्या नदीकडे परतण्याची त्याची रीतही नाही, त्यामुळे वरील कारण येथे लागू पडत नाही. आमच्या घरी वाहती जाळी पिढीजात आहेत. सूत जाऊन तंगूस (नायलॉनचा धागा) आला, इतकेच. मासा डोके घालतो, आस (जाळ्याचे छिद्र) कल्ल्यांमागे अडकते आणि त्याला मागे फिरता येत नाही. लहान पिल्लू मात्र आरपार निघून जाते. याउलट डोल जाळ्याच्या (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या) शेपटाकडची आस इतकी बारीक असते की बोटाएवढी पिल्लेही गच्च भरून येतात. शेजाऱ्यांचा रोष पत्करून सांगतो, निर्बंध आधी तिकडे हवेत.

उत्तर (वाशी):
मोठ्या आसेचे जाळे निर्दोष, हे रावसाबाबत अर्धेच खरे आहे. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे फक्त थोराड मासे धरणारे जाळे नेमक्या माद्याच काढून नेते. आसेला खालची मर्यादा हवी तशी वरचीही हवी. अधिकाराची अडचण नाही, कारण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन १९८१ च्या अधिनियमाने राज्याकडेच आहे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदीही राज्यच लागू करते.

प्रश्नकर्ता:
आसेचा मुद्दा पटला. मग जाळी बदलण्याचा खर्च कोणी सोसायचा?

उत्तर (दिवाळे, बेलापूर):
आयर्लंडने बंदीबरोबरच मच्छीमारांसाठी भरपाईचा निधी ठेवला होता, आणि इंग्लंडमध्ये २००३ मध्ये बहुतेक परवानाधारकांनी मोबदला घेऊन स्वेच्छेने परवाने सोडले. येथेही नव्या जाळ्याचे पैसे कोण देणार, हे आस ठरवणाऱ्या आदेशातच लिहिलेले असावे. नाहीतर आदेश बंदरावरच्या फलकावर राहील आणि जुनी जाळी रात्री पाण्यात जातील.