पित्त, काळीज आणि ‘मराठीत शब्दच नाहीत’

रास्तापेठी (धागालेखक):
परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली. मथितार्थ असा की मराठी माणसाला स्वतःच्या शरीराचा पत्ता नसतो, एका ‘पित्त’ शब्दात तो चार आजार कोंबतो, तेव्हा डॉक्टरकडे सरळ इंग्रजीत बोलावं आणि मुलांनाही अवयव इंग्रजीतूनच शिकवावेत. खाली अंगठ्यांची रांग. तिथे काही बोललं की सेक्रेटरी पार्किंगचा विषय काढतात, म्हणून इथे लिहितोय.

इंग्रजी नावांचा एवढा दरारा कशाला? गुडघ्याच्या वाटीला आपण वाटी म्हटलं की ते गावंढळ. ‘पटेला’ म्हटलं की शास्त्र. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे छोटी थाळीच. ‘टिबिया’ म्हणजे बासरी, आपण नडगी म्हणतो. माकडहाडाला हसता? ‘कॉक्सिक्स’ हा ग्रीकांचा कुकू पक्षी आहे, हाड त्याच्या चोचीसारखं दिसतं म्हणून. ‘आर्टरी’चं, म्हणजे हृदयातून रक्त नेणाऱ्या नळीचं, तर विचारूच नका. प्रेतात त्या नळ्या रिकाम्या दिसायच्या, म्हणून ग्रीकांना वाटलं यातून हवा वाहते. आणि घशाशी जळजळलं की इंग्रज म्हणतो ‘हार्टबर्न’. त्यात हार्टचा काय संबंध?

सी_विंग:
ते सद्गृहस्थ मीच. इथे भेटलात, बरं झालं.
व्युत्पत्ती ऐकून छान वाटलं. आता माझी ऐका. वडील रोज सकाळी पर्वती चढायचे. दोन महिने अर्ध्या वाटेत थांबायचे, छातीच्या मधोमध हात चोळायचे आणि म्हणायचे, “पित्त चढलंय.” आई आमसुलाचं पाणी बाटलीत भरून द्यायची. पाच मिनिटं बसले की उतरायचं, पुन्हा चढायला लागले की पुन्हा. शेवटी अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. ‘चेस्ट पेन’ म्हणाले असते तर पहिल्या आठवड्यात कळलं असतं. तुमच्या वाटीने आणि बासरीने काय केलं असतं?

उपाशी बोका:
‘छातीत दुखतंय’ हे मराठीच आहे की हो.

माजी सिस्टर:
एकतीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून बोलते. सी_विंग, वडील बरे आहेत ना आता? आजार शब्दामुळे लपला नाही. जिने चढताना येतं आणि बसल्यावर जातं, एवढं कोणी विचारलं असतं तरी पुरे होतं. पित्त पायऱ्या मोजून येत नाही.
हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टेकलेला असतो. तिथलं दुखणं पुष्कळांना पोटाच्या वरच्या टोकाला, बरगड्या जुळतात तिथे जाणवतं. तिथेच जठर. मेंदूला दोन्हीकडून येणारे निरोप जवळजवळ एकाच वाटेने येतात, म्हणून माणूस फसतो. इंग्रजी बोलणाराही फसतो. ‘ॲसिडिटी आहे’ म्हणत आलेले इंजिनिअर मी कमी पाहिले नाहीत.

सी_विंग:
वडील बरे आहेत, आभारी आहे. पण ‘पित्त’ हा शब्द घाणेरडा आहे हे तरी मान्य करा. घशाशी आंबट आलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. डोकं दुखलं, पित्त. बायको चिडली, तेही पित्त खवळलं.

निवृत्त मास्तर:
सी_विंग यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे, आणि हे मी नाइलाजाने लिहितो आहे. घशाशी येतं ते जठरातलं आम्ल, हायड्रोक्लोरिक. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन स्निग्ध पदार्थ फोडतो. तो आम्ल नाहीच. अंगावरच्या गांधी ही ॲलर्जी. आयुर्वेदातलं पित्त हा आणखी वेगळा विषय, आणि तिथे सुश्रुताने...

उपाशी बोका:
आला सुश्रुत. मास्तर, हाडं किती ते सांगा आधी. 300 का 206?

निवृत्त मास्तर:
तुम्ही बोकाच राहणार. सुश्रुताने 300 मोजली, चरकाने 360. त्यांनी कूर्चा, दात हेही हाडांतच धरले. आजच्या मोजणीत प्रौढ माणसाची 206, आणि जन्मलेल्या बाळाची याहून बरीच जास्त, कारण काही पुढे जुळून एक होतात. मोजायची रीत वेगळी, त्यात थट्टा करण्यासारखं काय आहे?

कसब्याची लेक:
पित्तावरून माझंही ऐका. दोन वर्षं मी ‘पित्त, पित्त’ करत होते. घरचे हसायचे, जाऊबाई म्हणायच्या, “ॲसिडिटी म्हण गं, शिकलेली आहेस.” एका डॉक्टरांनी वर न बघता जळजळीच्या गोळ्या लिहून दिल्या. भजी खाल्ली की उजव्या बरगडीखाली आवळल्यासारखं व्हायचं आणि दुखणं उजव्या खांद्याकडे जायचं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. माझं पित्त खरोखरच पित्त होतं! ‘ॲसिडिटी’ म्हणाले असते तर तेच चुकलं असतं.

माजी सिस्टर:
हे फार बोलकं उदाहरण आहे. खांद्याचंही तसंच, पडद्याची नस मानेतून येते, म्हणून पोटातलं दुखणं खांद्यात बोलतं.

सी_विंग:
एक खडा सापडला म्हणून भाषा जिंकली का? बरं, हे बघा. पुतणी आठवीत आहे, तिच्या क्लासच्या वहीतून: “रोहिणी शुद्ध रक्त वाहून नेते, नीला अशुद्ध रक्त वाहून नेते.” रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. ती मला विचारते, काका, माझ्या हातात निळं रक्त आहे का? हे तुमचं मराठी शास्त्र.

रास्तापेठी:
इंग्रजी पुस्तकातही चित्र निळ्या-लाल रंगातच असतं.

उपाशी बोका:
शुद्ध-अशुद्ध काय, रक्ताला सोवळं नेसवलंय का? शिरेतलं रक्तही लालच असतं, फक्त गडद. आणि ते ‘अशुद्ध’ वगैरे नसतं, आराम करताना त्यात अजून सत्तर-पंचाहत्तर टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो.

निवृत्त मास्तर:
‘रोहिणी’ बदलून ‘धमनी’ म्हणा, वाद मिटेल. विश्वकोशात रोहिणीच आहे हे माहीत आहे मला.

उपाशी बोका:
धमनी आली ‘ध्मा’ धातूपासून, म्हणजे फुंकणे. भात्याची आठवण. तिकडे ग्रीकांची हवा, इकडे आपली फुंकर. मिटला वाद.

खाटीकगल्ली:
एवढं भांडताय, कोणी बकऱ्याचं हृदय हातात घेतलंय का? वडिलांचं दुकान होतं, दहाव्या वर्षापासून गल्ल्यावर बसलो. तुमचे शब्द आमच्याकडे वेगळेच. कलेजी म्हणजे यकृत, गुर्दा म्हणजे मूत्रपिंड, तिल्ली म्हणजे प्लीहा, आणि आतडी-पोटाची वजडी. गिऱ्हाईक ‘काळीज द्या’ म्हणालं की कलेजी बांधायची. तुमच्या कवितेतलं काळीज मात्र हृदय असतं. एवढी वर्षं कोणाच्या पिशवीत चुकीचा अवयव गेला नाही, कारण बोटाने दाखवून घेतात.

हृदय उभं कापलं की डावी भिंत जाडजूड, उजवी पातळ. डावीकडून सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं, उजवीकडून शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच. वरची मोठी नळी कापली तरी गोल उघडी राहते, बोट जातं. तिच्या शेजारच्या शिरा चपट्या पडतात. शुद्ध-अशुद्ध कशाला? जी हृदयातून बाहेर नेते ती रोहिणी, जी परत आणते ती नीला, बास. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणीच, आत कमी ऑक्सिजनचं रक्त असलं तरी.

माजी सिस्टर:
अगदी! नाळ कापल्यावर तीन तोंडं दिसतात. दोन लहान, जाड काठाची, त्या रोहिण्या. एक मोठं, पातळ काठाचं, ती नीला. आईकडचं ऑक्सिजनचं रक्त बाळाला त्या नीलेतूनच मिळतं. वहीतल्या व्याख्येने ही आख्खी नाळ उलटी ठरते.

निवृत्त मास्तर:
‘फुप्फुस’. दोन्ही फ नव्हेत.

खाटीकगल्ली:
मास्तर, माझ्या दुकानात ती अशीच विकली जायची.

सी_विंग:
खाटीकगल्ली यांची व्याख्या वहीपेक्षा बरी आहे, पुतणीला तीच पाठवतो. पण मुख्य मुद्दा सोडणार नाही. एमबीबीएस इंग्रजीतच. 2022 मध्ये मध्य प्रदेशात शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांची हिंदी पुस्तकं आली. उद्या ती वाचून शिकलेला मुलगा परदेशातल्या डॉक्टरशी काय बोलणार?

रास्तापेठी:
एमबीबीएसबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. डॉक्टरांनी हवं ते शिकावं. पर्वतीवर चढणाऱ्या माणसाने ‘टिबिया’ का शिकावं, एवढंच विचारतोय.

कसब्याची लेक:
आणि खुब्याचं काय? सासूबाई पडल्या, म्हणाल्या “कंबर मोडली.” मुलाने इंग्रजीत ‘बॅक’ सांगितलं आणि पहिला एक्स-रे मणक्याचा निघाला. मोडलं होतं खुब्याचं हाड. शब्द होता घरात, फक्त कोणी वापरला नाही.

सी_विंग:
बघा, चूक इंग्रजीची दाखवताय, पण ‘कंबर’ तर मराठीच होती ना?

कसब्याची लेक:
आमच्या घरातली चूक, दोन्ही भाषांमधली. खूश?

उपाशी बोका:
धागा सुरू झाला पित्ताने, पोचला वजडीपर्यंत. मटण कुठे मिळेल तेवढं सांगा.

सी_विंग:
वडिलांना हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, “मी कुठे पित्त म्हणत होतो, मी जळजळ म्हणत होतो. पित्त तुझ्या आईने ठरवलं.” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कोणी विचारलंच कुठे होतं. मी आता फक्त वाचणार आहे.

रास्तापेठी:
सोसायटीच्या ग्रुपवर हेही टाका.

सी_विंग:
टाकलं. सेक्रेटरींनी पार्किंगचा विषय काढलाय.