आंब्यात क्रीम नको म्हटलं की लगेच 'पथ्य'?

रायवळ

परवा इथेच एका पाककृतीखाली वाचलं: "क्रीमशिवाय मँगो मूस म्हणजे पथ्याचं जेवण. लाइट हवं असेल त्यांनी सरळ आंबा कापून खावा, आम्हाला शिकवू नये." खाली पंचवीसेक जणांच्या टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

आंब्याच्या गोडात क्रीम शिरलं कधी हो? आमच्या रत्नागिरीकडे आंब्याचं सांदण करतात. तांदळाचा रवा, रस, गूळ, नारळाचं दूध, वाफवलं की झालं. गोव्यात घोटांचं, म्हणजे छोट्या रानटी आंब्यांचं, सासव आहे. आमरस, साटं, आंबावडी, शिरा, आम्रखंड. यातलं कुठलं आजाऱ्यासाठी शोधलेलं आहे? आणि कुठल्यात क्रीम आहे?

मूसच हवा असेल तर तोही होतो. एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही रात्रभर टांगा, चारशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. तो चाळणीतून घासून घ्या, त्यात दोन वाट्या हापूसचा रस. ५ ग्रॅम चायना ग्रास (शेवाळापासूनचं, जेलीसारखं घट्ट धरणारं अगर) अर्धा तास भिजवून वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. इथेच लोक घाई करतात आणि मग खाताना दाताखाली दोऱ्या येतात. चक्का आणि रस दोन्ही आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा, कारण चायना ग्रास चाळीस अंशांच्या खाली आलं की लगेच धरतं आणि गार रसात ओतलं की गुठळ्या होतात. रस मात्र गरम करायचा नाही. आंबा शिजला की त्याचा वास वेगळा होतो, वडीत तो चांगला लागतो, इथे नाही.

साखर चवीपुरती. क्रीम शून्य. आणि कोणाला पथ्यावर असल्यासारखं वाटलं तर मला सांगा.

बटरपेपर

तो प्रतिसाद माझाच होता, नाव घ्यायला संकोच कशाला?

तुम्ही जे लिहिलंय ते घट्ट केलेलं आम्रखंड आहे. छान लागत असेल. पण मूसमध्ये हवा लागते, आणि हवा धरून ठेवायला स्निग्धांश लागतो. ३० ते ३५ टक्के फॅट असल्याशिवाय क्रीम फेटलं जात नाही, चक्का कितीही घोटा, तो फुगणार नाही. शिवाय आंब्याच्या वासातला बराच भाग तेलात विरघळणारा असतो. क्रीम तो धरून ठेवतं आणि तोंडात हळूहळू सोडतं. तुमचा चक्का पहिल्या चमच्याला 'वा' म्हणायला लावेल, तिसऱ्या चमच्याला नुसतं आंबट दही. मी रोज हे करून विकतो, घरी बसून लिहीत नाही.

रायवळ

विकता ना, मग एक विचारतो. ते क्रीम दुधाचं असतं का? बहुतेक बेकऱ्यांत खोक्यातून येतं ते 'नॉन-डेअरी टॉपिंग', म्हणजे पाम तेलाच्या जातीचं वनस्पती तेल, साखर आणि स्टॅबिलायझर. गाईम्हशीचा संबंध नाही. ते जिभेवर आणि टाळूला मेणासारखं बसतं, मग हापूस काय आणि तोतापुरी काय, सगळं सारखंच. वास धरून ठेवतं म्हणता, मला वाटतं कोंडून ठेवतं.

बटरपेपर

हे घ्या, वनस्पती तेल म्हणता म्हणता आलेच ट्रान्स फॅटवर, म्हणजे त्या हृदयाला घातक फॅटवर. २०२२ पासून तेला-तुपांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे, खोकी पूर्वीची राहिली नाहीत. आणि हो, लग्नाच्या ऑर्डरला तेच वापरतो. मे महिन्यात हॉलच्या मागच्या पडवीत दुधाचं क्रीम दोन तास उभं राहतं का ते या बघायला. गिऱ्हाईक कपामागे पैसे किती देतं तेही बघा. माझ्या घरच्या मूसला मात्र डेअरीचंच क्रीम असतं.

रायवळ

म्हणजे पंगतीला एक आणि घरी एक. नोंद घेतली.

चक्का_जाम

रायवळदादांना पूर्ण पाठिंबा, आडनावानेच बांधील आहे मी.

आमच्याकडे सासूबाईंना जड सोसत नाही, तरी मे महिन्यात माहेरवाशिणी आल्या की काहीतरी 'हॉटेलसारखं' हवंच. मी चक्क्यात रस घालते आणि वर कापलेल्या आंब्याचे तुकडे, खाली जाडसर कुटलेली ग्लुकोजची बिस्किटं. नणंदेचा मुलगा इकडचं तिकडचं काही खात नाही, तो दोन वाट्या खातो. एकच सांगते, पिठीसाखर चक्क्यात घालून तासभर ठेवा. साखरेला पाणी सुटतं, मग रस किती घालायचा याचा अंदाज येतो. आधीच रस ओतला तर सगळं पळीवाढं होतं आणि मग रडत चायना ग्रास वाढवत बसावं लागतं.

ग्लुकोमीटर

'लाइट' शब्द वाचला की माझं रक्त उकळतं, म्हणून लिहितो.

यूट्यूबवरच्या निम्म्या 'नो क्रीम मँगो डेझर्ट'मध्ये कंडेन्स्ड मिल्कचा डबा असतो. ४०० ग्रॅमचा डबा, त्यात चाळीस टक्क्यांच्या वर साखर. म्हणजे १६० ग्रॅम साखर तुम्ही क्रीम टाळलं म्हणून आनंदाने ओतलीत! डबाभर मिळून तेराशेच्या आसपास कॅलरी. त्याजागी २०० मिली फ्रेश क्रीम घातलं असतं, २५ टक्के फॅटचं, तर ५० ग्रॅम फॅट, साडेचारशे-पाचशे कॅलरी. कोण हलकं?

आणि सांदणात ओतता ते नारळाचं जाड दूध? त्यातही वीस टक्क्यांच्या घरात फॅट असतं, तेही संपृक्त. पण ते कोकणातून आलं म्हणून सात्त्विक.

रायवळ

माझ्या कृतीत कंडेन्स्ड मिल्क कुठे आहे? वाचून लिहा राव.

नारळाचं बरोबर आहे. पण सांदणाला लागतं वाटीभर, आणि ते दहा जणांत जातं.

ग्लुकोमीटर

'दहा जणांत जातं' हा युक्तिवाद क्रीमलाही लागू आहे. पण ठीक, तुमच्या कृतीवर माझा आक्षेप नाही. आम्रखंडाच्या नावाखाली दुकानात जे मिळतं त्यावर आहे. डब्यामागची यादी वाचा, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते बघा आणि मग 'क्रीम नाही हो यात' म्हणा.

आखाजी

एवढी चर्चा आणि मूळ पदार्थावर कोणीच बोलत नाही. आंब्याचं सगळ्यात हलकं गोड म्हणजे रस. आमच्या जळगावकडे अक्षय्य तृतीयेला पुरणाचे मांडे आणि रस. रस कसा, तर गावरान आंबा हाताने माचून पिळलेला, थोडा रेषांसकट. वर तुपाची धार, चिमूटभर मीठ. बस्.

पुण्यात बहिणीकडे गेलो तर रसात दूध! मिक्सरमध्ये फिरवलेला, वर वेलदोडा, वर केशर. मी विचारलं मिल्कशेक आहे का, तर दाजी रागावले.

चक्का_जाम

अहो दादा, दाजी रागावले ते बरोबरच. हापूसचा रस इतका घट्ट असतो की वाटी उलटी केली तरी पडत नाही. पोळी बुडवायची तर थोडं दूध लागतंच. आजीपासून आमच्याकडे घालतात.

आखाजी

घट्ट असेल तर पाणी घाला. दूध का? पेटी महाग म्हणून सहा आंब्यांत दहा पानं वाढायची असतात, हे खरं कारण. आजीनेही त्याचसाठी घातलं असेल.

चक्का_जाम

माझ्या आजीपर्यंत जायची गरज नव्हती. तिने आयुष्यभर पंगती वाढल्यात, तुमच्या मांड्यांसकट.

घोटां

मधेच तोंड घालतो. हापूस रसासाठी नाहीच, तो कापून खायचा. रसाला पायरी. आणि दोन्हींच्या वर आमचा गोव्याचा माणकुराद, ज्याला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसला २०१८ साली मिळालं तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बातम्यांनी पेपर भरले होते, आमच्या वेळी कोणाला पत्ता नाही.

सासवाचा उल्लेख केल्याबद्दल रायवळना धन्यवाद. फक्त त्याला 'गोड' म्हणू नका. खोबरं, मोहरी, सुकी मिरची, गूळ, घोटां अख्खी. ते भाताबरोबर जेवतात आणि बाठा चोखत बसतात. डेझर्टच्या यादीत घातलंत तर आई मला घरात घेणार नाही.

आखाजी

पायरीला माझा पाठिंबा. निदान त्यात कोणी दूध घालत नाही.

चक्का_जाम

घालतात. मी घालते.

ग्लुकोमीटर

आंबट आंब्यात दूध घालून ठेवलं तर फाटतं, एवढं शास्त्र दोघांनीही लक्षात घ्या. गोड हापूसमध्ये आणि लगेच खाल्लं तर चालून जातं. आता मूळ विषयावर याल का?

आखाजी

बघा! फाटतं! मी तेच म्हणत होतो.

चक्का_जाम

तुम्ही 'पेटी महाग म्हणून' म्हणत होतात. फाटण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतंत. वर जाऊन वाचा.

बटरपेपर

थांबा थांबा. आखाजीसाहेब रसावर तुपाची धार सोडतात. तूप म्हणजे जवळजवळ शंभर टक्के फॅट. ते चालतं, परंपरा म्हणून. मी ३५ टक्केवालं क्रीम घातलं की मी गुन्हेगार. धागाकर्ते यावर गप्प का?

रायवळ

गप्प नाही, गाडीत होतो.

तूप चमचाभर असतं. आंबा बाधू नये म्हणून घालतात असं मोठी माणसं म्हणतात, ते खरं-खोटं ग्लुकोमीटर सांगतील. पण मोठा फरक असा की तूप घातल्यावरही वाटीत रसच असतो. तुमच्या मूसमध्ये क्रीम अर्ध्याहून जास्त आणि आंबा रंगापुरता. तुम्हीच सांगा, एका कपात रस किती चमचे?

बटरपेपर

दोन. आणि वर एक तुकडा.

रायवळ

बोलणं खुंटलं.

बटरपेपर

खुंटलं नाही. हापूसच्या भावात चार चमचे घालून कप विकून दाखवा, मी तुमच्याकडे कामाला येतो.

एडिसनची_काकू

न्यू जर्सीहून. तुम्ही ताज्या रसावर भांडता, आमच्याकडे वर्षाचे अकरा महिने डबा.

२००७ साली भारतातून आंबा परत यायला लागला तेव्हा इथल्या मंडळींनी अक्षरशः पेढे वाटले होते. त्याआधी अठरा वर्षं बंदीच होती. आता येतो, पण कीड मारायला विकिरणाची प्रक्रिया करून, विमानाने. पेटीचा भाव ऐकून नवरा म्हणतो, फोटो काढून ठेव. त्यामुळे बहुतेक वेळा डब्यातला पल्प, तोही आधीच साखर घातलेला आणि शिजवलेला. त्याची चपटी चव लपवायला मी वर्षानुवर्षं क्रीम घालत आले आणि भिशीत वाहवा घेत आले. बटरपेपर, तुमची बाजू कळते मला.

पण मुलगी कॉलेजातून आली, म्हणाली आई हे नको. तिने काय केलं, तर मेक्सिकोचा अताउल्फो आंबा आणला. पिवळा, लहान, अजिबात रेषा नाहीत. ग्रीक योगर्टमध्ये वाटून घातला, वर लिंबाची साल किसून. हापूस नव्हे ते. पण डबा-क्रीमपेक्षा बरं लागलं, हे तिला मात्र सांगितलं नाही.

रायवळ

काकू, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. आंबा जिथे कमी पडतो तिथे क्रीम येतं.

एडिसनची_काकू

मला तुमच्या पक्षात ओढू नका. दिवाळीला मी डबा आणि क्रीमच करणार आहे.

घोटां

अताउल्फो म्हणजे माणकुरादच्या पासंगालाही...

एडिसनची_काकू

पाठवा मग पेटी. पत्ता देते.

बटरपेपर

काल रात्री रायवळांची कृती केली, बायकोच्या आग्रहाने. घाबरू नका, निम्मीच. लागते चांगली. तिसऱ्या चमच्याला आंबट लागेल म्हटलं होतं, नाही लागली, कारण मी दही ताजं, पाच तासांत लागलेलं घेतलं होतं. धागाकर्त्यांनी हे लिहायला हवं होतं. आदल्या दिवशीच्या दह्याचा चक्का घेतलात तर माझंच म्हणणं खरं ठरेल. आणि चायना ग्रास ५ नाही, ४ ग्रॅम पुरे, ५ ला ती वडीसारखी कापली जाते.

मूस नाहीच ती. पण काउंटरवर ठेवून बघणार आहे, क्रीमवाल्याच्या शेजारी. भाव दहा रुपयांनी जास्त.

रायवळ

जास्त का? क्रीम वाचलं ना?

बटरपेपर

चार चमचे रस जातो मालक. तुमचीच कृती.

ग्लुकोमीटर

आणि साखर किती घातलीत?

बटरपेपर

चवीपुरती.

ग्लुकोमीटर

ग्रॅममध्ये सांगा.

आखाजी

ते सांगत बसतील. मला कोणीतरी एवढं सांगा, घट्ट रसात पाणी घालायला नक्की काय हरकत आहे?

चक्का_जाम

पाणचट होतो म्हणून. या रविवारी घरी, दोन्ही करते, शेजारी शेजारी वाढते. दाजींनाही आणा.