कौन्सिल टॅक्सची थकबाकी आणि बेलिफची फी : तुमचा हिशेब कसा जुळला?

मंडळी, हा धागा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी. कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीपायी ज्यांच्या दारात बेलिफ, म्हणजे वसुलीला येणारा माणूस, येऊन गेला, ज्यांनी त्याच्या फीवर हरकत घेतली, ज्यांचा कौन्सिलशी हिशेब जुळला किंवा अजून जुळत नाही, त्या सगळ्यांनी इथे लिहा. माणसांची, कौन्सिलची, कंपनीची नावं नकोत. आकडे मात्र द्या, कारण दुसऱ्याला उपयोग होतो तो आकड्यांचाच.

मी इथे कर्ज-सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते. आपल्याकडून नवीन आलेल्यांचा घोळ कुठे होतो ते आधी सांगते. गावाकडे घरपट्टी घरमालक भरतो. इथे कौन्सिल टॅक्स सहसा राहणाऱ्याच्या डोक्यावर असतो, मग तो भाडेकरू का असेना. एप्रिलपासून वर्षाचं बिल, बहुधा दहा हप्ते. हप्ता चुकला की स्मरणपत्र आणि सात दिवसांची मुदत. तीही गेली की हप्त्यांची सोय बंद, उरलेल्या वर्षाचे सगळे पैसे एकदम मागतात. त्यानंतर समन्स, मॅजिस्ट्रेट कोर्टातून लायबिलिटी ऑर्डर (हे पैसे तुम्ही देणं लागता, असा हुकूम), आणि मग खातं बेलिफ कंपनीकडे. कायद्यात त्याला आता एन्फोर्समेंट एजंट म्हणतात, पण बोलताना सगळे बेलिफच म्हणतात.

बेलिफला मनाला येईल ती फी लावता येत नाही. एप्रिल २०१४पासून फीचे टप्पे ठरलेले आहेत. प्रकरण हातात आलं की ७५ पौंड. प्रत्यक्ष दारात आला की आणखी २३५, आणि थकबाकी १५०० पौंडांच्या वर असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के. सामान विक्रीला नेण्याच्या टप्प्यावर ११० आणि तसेच साडेसात टक्के. इथले अनुभव या आकड्यांवरचे आहेत. तुमच्या हातातलं पत्र सध्याच्या सरकारी तक्त्याशी ताडून बघा.

माझं म्हणणं एकच आहे. थकबाकी कौन्सिलची, फी कंपनीची, पण पत्रावर दोन्ही मिळून एकच मोठा आकडा छापलेला असतो आणि तो बघूनच माणसाचे हातपाय गळतात. तो आकडा फोडून मागा, लेखी मागा, प्रत्येक लायबिलिटी ऑर्डरचा वेगळा मागा.

आता तुम्ही लिहा.

पश्चिम लंडन, २०१९

ताई, तुम्ही म्हणता तो मोठा आकडा आमच्या पत्रावर २०३६.५५ पौंड होता. नवऱ्याची रात्रपाळी, मी बाळंतपणाच्या रजेवर, मधल्या काळात दोन वर्षांचे हप्ते तुंबलेले. थकबाकी होती यात वाद नव्हता. पण इतकी कशी, हे कळेना.

बेलिफ आला तेव्हा मी दार उघडलं नाही, वरच्या खिडकीतून बोलले. पहिल्या भेटीत कौन्सिल टॅक्ससाठी त्याला जबरदस्तीने आत येता येत नाही, हे शेजारच्या गुजराती मावशींनी सांगून ठेवलं होतं. तो दारातून पत्र टाकून गेला. त्याच दिवशी कंपनीला ईमेल केला : कुठल्या ऑर्डरवर किती मुद्दल, किती कोर्टखर्च, कुठली फी कुठल्या तारखेला लावली, सगळं द्या. कौन्सिललाही वेगळा ईमेल केला : दोन्ही वर्षांचं खातं पाठवा, भरलेली प्रत्येक रक्कम कुठे जमा केली त्यासकट.

दोन्ही कागद आल्यावर जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. २०१७-१८ची बाकी ५१२.४०. २०१८-१९ची ९०४.१५. एकूण १४१६.५५. वर कंपनीची फी ६२० : ७५ दोनदा आणि २३५ पण दोनदा. एकच माणूस, एकच भेट, एकच दार, आणि दाराची फी दोन.

७५ प्रत्येक ऑर्डरवर लावता येतात. पण एकाच माणसाच्या दोन ऑर्डरी एकाच वेळी हाताळता येत असतील तर त्या एकत्रच हाताळायच्या आणि भेटीची फी एकदाच घ्यायची, असं फीच्या नियमांतलं अकरावं कलम सांगतं. मी तेवढंच लिहिलं, कलमाचा क्रमांक देऊन, आणि खाली भेटीच्या पत्राचा फोटो जोडला. त्यावर दोन्ही संदर्भ क्रमांक एकाखाली एक छापलेले होते, वेळही एकच. कंपनीचं पहिलं उत्तर आलं : फी नियमानुसार आहे. मग तीच तक्रार कौन्सिलकडे पाठवली, कारण बेलिफ कौन्सिलच्या वतीने येतो आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी कौन्सिलला झटकता येत नाही. २३५ कमी झाले.

दुसरी गोष्ट मला कौन्सिलच्या कागदावर सापडली. समन्स आल्यावर नवऱ्याने २०० पौंड भरले होते. ते थकबाकीवर न जाता चालू वर्षाच्या खात्यात पडून होते. चालू वर्षाचा हप्ता डायरेक्ट डेबिटने जातच होता, म्हणजे तिथे आम्ही २०० पौंड पुढे आणि इथे मागे. बँकेचा उतारा पाठवला, रक्कम जुन्या वर्षाकडे वळवून घेतली. शेवटचा आकडा १६०१.५५. त्याचे हप्ते बांधले आणि फेडले. माझा एवढाच आग्रह, की पैसे भरताना कुठल्या वर्षाच्या, कुठल्या संदर्भ क्रमांकावर भरतोय ते लिहून पाठवा आणि त्याची प्रत ठेवा.

ईस्ट मिडलंड्स, एमएससीचा विद्यार्थी होतो

मूळचा नांदेडचा. आम्ही तिघे एका घरात, दोन विद्यार्थी आणि एक नोकरीवाला दादा. बिल तिघांच्या नावाने आलं, पूर्ण रकमेचं. सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर घराला टॅक्स माफ. एकच नोकरी करणारा असेल तर पंचवीस टक्के सूट, आणि ते बिल त्या एकट्याचं, विद्यार्थ्यांना त्यात ओढता येत नाही. आम्ही युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट पाठवलंच नव्हतं, कारण ते कोणी तरी परस्पर कळवत असेल असं सगळ्यांनाच वाटत होतं.

खातं बेलिफकडे गेलं होतं. पण मुळात माझ्यावर टॅक्सच बसत नाही म्हटल्यावर बेलिफशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी कौन्सिललाच लिहिलं. सर्टिफिकेटवर कोर्स सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असते, त्या तारखांपुरती माफी मागच्या तारखेपासून मिळाली, कौन्सिलने माझ्यापुरतं प्रकरण कंपनीकडून परत घेतलं आणि फीही गेली. पुढच्या मुलांना सांगतो : कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विद्यार्थी नाही. ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी शोधत असलात तरी टॅक्स सुरू. उत्पन्न कमी असेल तर कौन्सिल टॅक्समधल्या सवलतीची चौकशी आधी करा, पण व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’ असा शिक्का असेल तर ती मागू नका. ती सवलत त्या निधीतच मोजतात. एकटेपणाची पंचवीस टक्के सूट मात्र त्यात येत नाही, ती मागता येते.

बर्कशायर

आमच्याकडे बेलिफ आला तो आधीच्या भाडेकरूच्या नावाने. आम्ही दोघं ऑफिसात, घरी साताऱ्याहून आलेली आई आणि पहिलीतला मुलगा. आईला इंग्रजी तोडकंमोडकं. तिने साखळी लावूनच दार किलकिलं केलं आणि मला व्हिडिओ कॉल लावून फोन फटीतून बाहेर धरला. ते मला पडद्यावर अजून दिसतं : आधी आईच्या बांगड्या, मग अंगावर कॅमेरा लावलेला माणूस. मी त्याला सांगितलं, ते इथे राहत नाहीत, आमचा भाडेकरार आणि आमच्या नावचं कौन्सिल टॅक्सचं बिल आत्ता ईमेल करतो. तो गेला.

नंतर वाचलं ते आईवडील इथे येतात त्या सगळ्यांच्या कामाचं आहे. घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं किंवा असहाय व्यक्ती असतील तर बेलिफला आत शिरता येत नाही. इंग्रजी समजायला, बोलायला अडचण असणारे, वयस्कर, गरोदर बाई, आजारी माणूस हे सगळे असहाय धरले जाऊ शकतात, असं बेलिफांसाठीच्या सरकारच्या २०१४च्या मानकांत लिहिलेलं आहे. आणि कर्ज ज्याचं, सामान त्याचंच नेता येतं. पाहुण्यांचं नाही, घरातल्या दुसऱ्या भाडेकरूचं नाही.

धागा काढणारी

दादा, यात एक भर. कर्जदार स्वतःच असहाय स्थितीत असेल तर सामान उचलण्याआधी त्याला सल्ला आणि मदत घ्यायला पुरेशी संधी द्यावी लागते. ती दिली नसेल तर भेटीच्या टप्प्याची फी वसूल करता येत नाही. नियमांतलं बारावं कलम. आजारपणाचे, गरोदरपणाचे कागद कंपनीला आणि कौन्सिलला दोघांनाही पाठवा, एकाला पाठवून थांबू नका.

दक्षिण इंग्लंड, मूळचे डिचोलीचे

आमी गोंयकार, घरात कोंकणी, पण शाळा मराठी झाली म्हणून इथे लिहितो. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले पुष्कळ जण सुरुवातीला एकेक खोली घेऊन राहतात. मी तसाच राहिलो. सात खोल्या, प्रत्येकाचा करार वेगळा, स्वयंपाकघर एक. मालक भाड्यात ‘सगळी बिलं आली’ म्हणायचा. दोन वर्षांनी माझ्या एकट्याच्या नावाने लायबिलिटी ऑर्डर, कारण पत्रपेटीवर माझं नाव होतं.

खोल्या वेगवेगळ्या कराराने दिलेल्या असतील तर कौन्सिल टॅक्स मालकाचा, हे मला सल्ला केंद्रात कळलं. कौन्सिल दोनदा नाही म्हणाली. मग व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे कौन्सिल टॅक्सचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील केलं. त्याला पैसे लागत नाहीत. आधी कौन्सिलला लेखी हरकत पाठवायची. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तरच ट्रिब्युनल, आणि तिथली मुदत पाळायची. खोलीचा करार, भाड्याच्या पावत्या, दारांवरच्या कुलपांचे फोटो दिले. सुनावणीच्या आधीच कौन्सिलने बिल मालकाच्या नावावर केलं. बेलिफला मी दिलेले पैसे फीसकट परत मागितले, ते मिळायला वेळ लागला, पण मिळाले.

उत्तर लंडन

कोर्टखर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. समन्सबरोबर जो खर्च लावतात तो दगडावरची रेघ नव्हे. टॉटनहॅमचे निवृत्त पाद्री पॉल निकल्सन यांनी हॅरिंगे कौन्सिलच्या १२५ पौंडांच्या खर्चावर हरकत घेतली होती. हा आकडा कसा काढला ते दाखवा, एवढीच मागणी. मॅजिस्ट्रेटनी ऐकलं नाही, ते हायकोर्टात गेले, आणि २०१५मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला : पुरेशी माहिती समोर नसताना तो खर्च मंजूर करायला नको होता. त्या वयात त्यांनी हे दुसऱ्यांसाठी केलं, याबद्दल मला फार आदर वाटतो. समन्स हातात असेल तेव्हाच खर्चाचा तपशील मागा. ऑर्डर झाल्यावर तो प्रश्न काढणं अवघड जातं.

एडिंबरा

स्कॉटलंडचं वेगळं आहे. इथे बेलिफऐवजी शेरिफ ऑफिसर. समरी वॉरंट (वसुलीचा कोर्टाचा हुकूम) निघालं की थकबाकीवर सरळ दहा टक्के चढतात. पाणीपट्टीही त्याच बिलात असते. वर लिहिलेले ७५ आणि २३५ इथे शोधू नका.

हाउन्स्लो भागातून एक प्रश्न

थकबाकी ६०० आहे, बेलिफ येऊन गेला, ३१० फी लावली. मी कंपनीला ६०० दिले तर थकबाकी मिटली आणि फक्त फी उरली, असं होतं का? व्हॉट्सॲपवर एकाने सांगितलं की बेलिफ बेकायदेशीरच असतात, ठरावीक पत्र पाठवलं की सगळं रद्द होतं. तो त्या पत्राचे पैसे मागतोय.

धागा काढणारी

त्याला पैसे देऊ नका. असली तयार पत्रं पाठवून कोणाची फी रद्द झालेली मी पाहिली नाही. फी वाढलेली पाहिली आहे.

हिशेबाचं असं. कंपनीकडे आलेल्या पैशातून पहिले ७५ पौंड पहिल्या टप्प्याच्या फीचे जातात. उरलेले ५२५ थकबाकी (६००) आणि भेटीची फी (२३५) यांत त्याच प्रमाणात वाटले जातात. म्हणजे ३७७.२५ कौन्सिलला, १४७.७५ कंपनीला. तुमची कौन्सिलची बाकी २२२.७५ उरते, फीची ८७.२५. म्हणून फीवर हरकत असेल तर ती पैसे भरण्याआधी किंवा भरतानाच लेखी नोंदवा.

बेलिफचं नाव न्यायखात्याच्या ऑनलाइन यादीत शोधा, त्याला कोर्टाचं सर्टिफिकेट लागतं. कंपनीच्या पहिल्या नोटिशीनंतर, बेलिफ दारात येण्याआधी, पूर्ण सात दिवस गेले होते का ते मोजा, रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. त्याआधीच तो दारात आला असेल तर २३५वर पहिली हरकत तीच. फीचा वाद कोर्टातही नेता येतो, पण हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. त्यामुळे मी आधी कंपनी, मग कौन्सिलची तक्रार प्रक्रिया, आणि तिथे न मिटल्यास लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा अधिकारी) हा रस्ता सुचवते. त्याला शुल्क नाही. बाकी कर्जंही असतील तर सल्लागारामार्फत ब्रीदिंग स्पेस मागा. मे २०२१पासून ही सोय आहे, साठ दिवस वसुली थांबते आणि नवी फी लागत नाही. पण तो अर्ज स्वतः करता येत नाही, कर्ज-सल्लागारच करतो. सिटिझन्स ॲडव्हाइस, नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज, तिघांचाही सल्ला फुकट आहे.

तुमच्या नोटिशीची तारीख आणि बेलिफ आला ती तारीख इथे लिहा, दिवस आपण मिळून मोजू.