टाइनम: चर्च राखलं, मग गाव का परत दिलं नाही?

मृण्मयी:
इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरचं टाइनम. नोव्हेंबर १९४३ मध्ये सव्वादोनशेच्या आसपास गावकऱ्यांना नोटीस आली: रणगाड्यांच्या गोळीबार सरावासाठी गाव हवंय, नाताळच्या आत घरं सोडा, लष्कराची गरज संपली की परत येता येईल. निघताना सेंट मेरी चर्चच्या दारावर त्यांनी चिठ्ठी लावली. चर्च आणि घरं सांभाळा, युद्ध जिंकायला मदत म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडतोय, एक दिवस परत येऊ, असा तिचा आशय. १९४८ मध्ये सरकारनं जमीन सक्तीनं विकत घेतली. आज चर्च धडधाकट आहे, आत गावाच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे. घरांच्या मात्र नुसत्या भिंती उरल्यात. युद्धात गाव घेणं मी समजू शकते, पण युद्ध संपल्यावर दाबून ठेवणं हा विश्वासघातच.

रानवाटा:
अजिबात पटलं नाही. लष्कर होतं म्हणून त्या खोऱ्यात हॉटेलं आली नाहीत, रासायनिक खतं आली नाहीत. आज तिथं पक्षी, फुलपाखरं, रानफुलं आहेत. गाव परत दिलं असतं तर पैसेवाल्यांनी सुट्टीतले बंगले बांधले असते.

मृण्मयी:
१९४८ मध्ये कुणी फुलपाखरांसाठी जमीन घेतली नव्हती. हे समर्थन मागाहून सुचलेलं आहे.

गोविंददा:
गाव होतं कुणाचं, हेही बघा. जवळजवळ सगळी जमीन बॉण्ड घराण्याची, बाकीचे भाडेकरू. त्यांच्या हाती भरपाई म्हणून परसातल्या भाजीपाल्याचे पैसे पडले. मुलं नाहीत म्हणून शाळा १९३२ मध्येच बंद झाली होती. आता ती पूर्वीसारखी मांडून ठेवलीय, कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावंसुद्धा आहेत. बघून गलबलतं, पण गाव आधीच ओसरत होतं हे त्यात दिसत नाही. जुन्या घरांत वीज नव्हती. दुसरीकडे गेल्यावर काहींचं बरंच झालं.

मृण्मयी:
दादा, भाडेकरूला दिलेला शब्द मोडला तर चालतो का? परत जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायला हवं होतं. १९७३ मध्ये सरकारच्याच समितीनं लष्करानं टाइनमभोवतीचा ललवर्थचा हा गोळीबार सरावाचा पट्टा सोडावा अशी शिफारस केली होती. पुढच्या वर्षी सरकारनं ती फेटाळली.

रानवाटा:
पण १९७५ पासून लोकांना बहुतेक शनिवार-रविवारी जाता येतं. इतकं जपलेलं गाव दुसरीकडे दाखवा.

मृण्मयी:
जपलेलं? पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं बॉण्ड घराण्याचं घर, टाइनम हाउस, १९६० च्या दशकात सरकारी ताब्यात असतानाच बरंचसं पाडलं गेलं. ते कुठल्या जपणुकीत बसतं?