नर पतंगाला मादीचा गंध ओळखून देते कोण: वाहक प्रथिन की ग्राहक?

प्रश्न:
रेशीम पतंगाची मादी सोडते ते बाँबिकॉल हे तेलकट द्रव्य आहे. नराच्या शृंगिकेवरील (डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवावरील) रोमांत, म्हणजे सूक्ष्म केसांत, मात्र पाणीदार द्रव असतो आणि चेतापेशीचे टोक त्यातच बुडालेले असते. मग हा रेणू तिथवर पोहोचतो कसा, आणि त्याची ओळख त्याला वाहून नेणारे वाहक प्रथिन पटवते की चेतापेशीवरील ग्राहक (रेणू पकडणारे प्रथिन)?

पहिले उत्तर:
रोमाच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून रेणू आत येतो आणि तिथे फेरोमोन-बंधक प्रथिन, म्हणजेच वाहक प्रथिन, त्याला आपल्या पोकळीत सामावून घेते (फेरोमोन म्हणजे इथे जोडीदाराला आकर्षित करणारे गंधद्रव्य). हे प्रथिन १९८१ साली पॉलिफेमस या पतंगात प्रथम सापडले. रेशीम पतंगातील अशा प्रथिनाचा अभ्यास करताना असे दिसले की भोवतालची आम्लता वाढली की प्रथिनाचे एक टोक वळून त्याच पोकळीत शिरते आणि बाँबिकॉलला बाहेर ढकलते. चेतापेशीच्या पटलाजवळ रेणू सुटतो तो याच रीतीने, असे मानले जाते. पटलावरील ग्राहक प्रथिन ऑर्को या सहग्राहकाशी जोडलेले असते, आणि रेणू बसताच या जोडीतून आयनांची वाट उघडून विद्युत संकेत सुरू होतो.

दुसरे उत्तर:
ओळख कोण पटवते, हा यातला खरा मोलाचा प्रश्न आहे. माझ्या मते निर्णायक पुरावा २०११ सालच्या प्रयोगात आहे. त्यात कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचा फेरोमोन-ग्राहक रेशीम पतंगाच्या बाँबिकॉल ओळखणाऱ्या चेतापेशींत जनुकीय मार्गाने बसवला, तेव्हा रेशीम पतंगाचे नर त्या परक्या मादीच्या गंधालाही मीलनाच्या पूर्ण वर्तनाने प्रतिसाद देऊ लागले. वाहक प्रथिने रेशीम पतंगाचीच होती. बदलला होता तो फक्त ग्राहक. वाहकाचा हातभार मी नाकारत नाही, पण निवड मुख्यतः ग्राहकच करतो.

प्रश्नकर्ता:
हे फार स्पष्ट झाले. पण रेणू तिथेच रेंगाळला, तर संकेत थांबणार कसा?

तिसरे उत्तर:
रोमातील विघटक विकरे त्याचे रूप बदलून टाकतात. हे झपाट्याने व्हावेच लागते, कारण गंध वाऱ्यावर सलग पसरत नाही, तुटक धाग्यांसारखा येतो, आणि नराला प्रत्येक धागा वेगळा कळला तरच वाट सापडते. रेशीम पतंगाचा नर उडू शकत नाही, तरीही मादीचा माग काढत चालताना तो पंख फडफडवत राहतो, त्यामुळे समोरची हवा शृंगिकांवर ओढली जाते.