मदत हवी आहे: गाळ-अभ्यासकांच्या गटाची घटना (नियमावली) लिहितोय, या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभार नेमका कसा चालतो?

गोदाकाठ, नाशिक

नमस्कार मंडळी,

गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांच्या काठचे गाळाचे थर अभ्यासणारा आमचा एक गट आहे. पदव्युत्तरचे विद्यार्थी, भूगोल आणि भूविज्ञान शिकवणारे प्राध्यापक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काही अभियंते अशी मंडळी आहेत. आजवर सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि पदरमोड करून चाललं. आता रीतसर संस्था नोंदवायची ठरलंय आणि घटनेचा मसुदा माझ्याकडे आलाय.

घाई का, ते सांगतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी कामं सुरू आहेत आणि एकूणच नदीकाठ झपाट्याने बदलतोय. निफाडच्या बाजूला काठाचा एक उभा काप आम्ही नोंदवला होता. वर काळी चिकण माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात बोराएवढे चुनखडीचे खडे आणि अगदी तळाला बेसॉल्टचे गुळगुळीत गोटे. पुढच्या वेळी गेलो तर त्या जागी जेसीबीने उतार करून टाकलेला. आता तो काप फक्त आमच्या वहीत, फोटोंत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत उरलाय. या पिशव्या कुणाच्या? गट फुटला तर त्या कुठे जाणार? दिंडोरी रोडवरची ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) जलाशयांतला गाळ मोजते, पण नदीकाठचे जुने थर सांभाळणारं स्थानिक पातळीवर कुणी नाही. म्हणून मला ही संस्था माणसांवर नाही, नियमांवर उभी राहायला हवी आहे.

पूर्वी मी एका दुसऱ्या मंडळात होतो (नाव घेत नाही). अध्यक्ष वर्षानुवर्षं तेच. कार्यकारिणी बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात कधी गेलाच नाही. अध्यक्ष आजारी पडले तेव्हा चेकवर सही करायला कुणी अधिकृत माणूसच नव्हता. गोळा केलेले नमुने एकाच्या गच्चीवर गोणपाटात पडून राहिले आणि पावसाळ्यात चिठ्ठ्या धुऊन गेल्या. कुठला नमुना कुठला, आज कुणालाच सांगता येत नाही. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ सेडिमेंटॉलॉजिस्ट्स ही आमच्या विषयातली, म्हणजे गाळाच्या अभ्यासकांची, जगभरची संघटना, १९५२ पासून चालू आहे. वेगवेगळ्या देशांतली माणसं, एकमेकांना क्वचितच भेटणारी, तरी इतकी वर्षं टिकली. म्हणून तिच्या रचनेवरून शिकावं असं वाटतं. दोन महासभांच्या मधल्या काळात निर्णय कोण घेतं? पदाधिकारी बदलले तरी काम कसं अडत नाही? विद्यार्थ्यांना जागा असते का? आणि यातलं आपल्याकडच्या कायद्यात काय बसतं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

वाळूकण

पीएचडी करताना मी या संघटनेची विद्यार्थी सभासद होते, त्यामुळे थोडंफार सांगू शकते.

१९५२ मध्ये अल्जिअर्सला आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेस भरली होती, तेव्हा ही संघटना स्थापन झाली. आज ती भूविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी, म्हणजे आययूजीएसशी, संलग्न आहे. सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा. दर चार वर्षांनी आंतरराष्ट्रीय सेडिमेंटॉलॉजिकल काँग्रेस भरते (२०१८ ला क्वेबेक, २०२२ ला बीजिंग), तिच्यासोबतच ही सभा होते. मधल्या काळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार यांचं एक छोटं मंडळ रोजचा कारभार पाहतं, त्याला तिथे ब्युरो म्हणतात. त्याच्याभोवती मोठी कौन्सिल, तीत वेगवेगळ्या देशांतले सदस्य.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सरचिटणीस आणि खजिनदार या दोन पदांत दिसतं. अध्यक्ष हा विषयातला मोठा अभ्यासक असतो, दिशा देतो. पण पत्रव्यवहार, सभासदांची यादी, अनुदानाचे अर्ज, हिशेब हे सगळं या दोघांच्या हातून जातं. संस्थेची स्मरणशक्ती तिथे असते. तुमच्या घटनेत या दोघांची मुदत अध्यक्षांच्या मुदतीसोबत एकाच दिवशी संपेल असं चुकूनही लिहू नका. एक गेला तर दुसरा असला पाहिजे.

राष्ट्रीय प्रतिनिधींची कल्पनाही घेण्यासारखी आहे. त्या त्या देशातला एक अभ्यासक तिथले सभासद आणि ब्युरो यांच्यातला दुवा असतो. तुम्ही तालुक्यागणिक असं करू शकता: निफाडला एक, त्र्यंबकला एक, सिन्नरला एक. त्यांना मताधिकार द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण काठावर कुठे खोदकाम सुरू झालं हे तुम्हाला सगळ्यात आधी त्यांच्याकडूनच कळेल.

पैशाचं म्हणाल तर वर्गणीसोबत त्यांच्याकडे जर्नल आहे. ‘सेडिमेंटॉलॉजी’ १९६२ पासून निघतं. त्यातून येणाऱ्या उत्पन्नाचा भाग विद्यार्थ्यांच्या संशोधन अनुदानाकडे वळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्याकडे जर्नल नसेल, पण जमलेल्या वर्गणीचा ठरावीक हिस्सा विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींसाठीच, असं घटनेत लिहिता येईल.

दगडफूल

ताईंच्या म्हणण्यात एक भर. अमेरिकेतली एसईपीएम ही गाळाच्या खडकांच्या अभ्यासकांची १९२६ ची संस्थाही बघा. तिथे पुढचा अध्यक्ष आधीच निवडतात. तो आधी नियोजित अध्यक्ष म्हणून कौन्सिलमध्ये बसतो, काम शिकतो आणि मग पदावर येतो. विद्यार्थ्यांचाही एक प्रतिनिधी कौन्सिलवर असतो. चार वर्षांची मुदत जगभर पसरलेल्या संघटनेला ठीक आहे. नाशिकच्या गटात चार वर्षांत विद्यार्थ्यांची पिढीच बदलते. दोन वर्षं पुरेत, आणि एका पदावर सलग दोनच मुदती.

आणि अलीगढला इंडियन असोसिएशन ऑफ सेडिमेंटॉलॉजिस्ट्स आहे, तिथे पत्र टाका. देशातल्या संस्थेशी ओळख हवीच.

चिटणीसकाका

मी बरीच वर्षं संस्थांची कागदपत्रं करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो.

आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच. विज्ञानाचा प्रसार हा उद्देश १८६० च्या कायद्यात बसतो, त्याची काळजी नको.

तुमच्या आधीच्या मंडळाचं जे झालं ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावाच लागतो. तो कुणी द्यायचा हे घटनेत नावानिशी नाही, पण पदानिशी लिहा: ‘सरचिटणीस देतील, त्यांनी एक महिन्यात न दिल्यास खजिनदार देतील.’ बँकेत तीन सह्या नोंदवा, त्यांपैकी कोणत्याही दोन चालतील असं ठेवा. हिशेब तपासणी दरवर्षी, ती टाळू नका.

संस्थेचे उद्देश बदलायचे तर दोन विशेष सभा लागतात, मध्ये एक महिन्याचं अंतर, दोन्ही वेळा तीन पंचमांश मतं. म्हणून उद्देश पहिल्यांदाच नीट लिहा. नुसतं ‘गोदावरीचा गाळ’ लिहिलंत आणि उद्या गिरणेवर जायचं ठरलं, तर खटाटोप होईल.

आता पिशव्यांचं. संस्था विसर्जित झाली तर शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते, असं १८६० च्या कायद्याचं कलम १४ सांगतं. नमुने, वह्या, फोटो, अक्षांश-रेखांशांच्या नोंदी ही सगळी ‘संस्थेची मालमत्ता’ आहे असं घटनेत स्वच्छ लिहा आणि तिची नोंदवही ठेवा. नोंदच नसेल तर कायदा तरी कशाला संरक्षण देणार?

गोदाकाठ

वाळूकण ताई, दगडफूल, काका, मनापासून आभार. काल रात्री मसुद्यात हे घातलं:

मुदत दोन वर्षं, एका पदावर सलग दोनदाच. सरचिटणीस आणि खजिनदार यांची निवड एका वर्षाआड, म्हणजे दोघं एकदम बदलणार नाहीत. नियोजित अध्यक्ष आधीचं एक वर्ष कार्यकारिणीत. दोन जागा विद्यार्थ्यांना, पूर्ण मताधिकारासह. तालुका प्रतिनिधींना सभेत बोलण्याचा हक्क, मत नाही. उद्देशात ‘नाशिक जिल्हा आणि लगतच्या नदीखोऱ्यांतील गाळाचे थर’ असं लिहिलंय, गिरणा त्यात येते. नमुन्यांच्या नोंदवहीच्या दोन प्रती, एक खजिनदारांकडे आणि एक कुठल्यातरी महाविद्यालयाच्या विभागात.

एक गोष्ट अजून अडलीय. आमचे निम्मे सभासद पावसाळ्यात क्षेत्रावर असतात, आणि गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) एक तृतीयांश ठेवली तरी सभा तहकूब होण्याची भीती आहे. काका, तहकूब सभा त्याच दिवशी अर्ध्या तासाने गणपूर्तीशिवाय घेता येते असं ऐकलंय. तसं कलम घातलं तर धर्मादाय कार्यालयात हरकत निघते का? आणि अशा सभेत पदाधिकाऱ्यांची निवडणूक घ्यायला मनाई करावी, असं मला वाटतं. योग्य होईल का?

चिटणीसकाका

तहकूब सभेचं कलम पुष्कळ संस्थांच्या घटनेत असतं, घाला. मात्र सभेच्या नोटिशीतच ते छापायचं, विसरू नका. निवडणूक आणि घटनादुरुस्ती त्या सभेत नको, हा तुमचा विचार बरोबर आहे, तसंच लिहा. आणि वार्षिक सभा पावसाळ्यात ठेवताच कशाला? जानेवारीत घ्या, सगळे गावात असतात. मसुदा पूर्ण झाला की इथेच टाका, वाचून सांगतो.