क्रोशाची त्रिकोणी शाल पसरतच नाही

धुळेकरीण: 4 प्लाय (चार पदरी) लोकर, 3 मिमी सुई. आठव्या ओळीपर्यंत आले तरी त्रिकोण अरुंदच, वर कापड पुठ्ठ्यासारखं. काय चुकतंय?

सुईदोरा: ताई, ओळीचा शेवटचा खांब (सुईवर वेढा घेऊन घातलेला उंच टाका) सुटतोय. तो आधीच्या ओळीच्या सुरुवातीच्या 4 साखळ्यांपैकी (एकात एक ओढलेले साधे फास) तिसरीत घालायचा. ती खांबाआड लपते, म्हणून तिथे पिन अडकवून ठेवा. ओळ अशी: 4 साखळ्या, मग प्रत्येक भोकात (आधीच्या ओळीत साखळीखाली राहिलेली मोकळी जागा) 3 खांब आणि 1 साखळी. मधल्या भोकात मात्र 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. शेवटच्या भोकातल्या 3 खांबांनंतर 1 साखळी आणि तो सुटणारा खांब. आठव्या ओळीत मध्याच्या दोन्ही बाजूंना 3 खांबांचे 8-8 गुच्छ भरायला हवेत. कमी असतील तर उसवा, पुढे जाऊन जुळत नाही.

जळगावची: सुई बारीक आहे, 5 मिमी घ्या. लोकर अॅक्रिलिकची (कृत्रिम धाग्याची) असेल तर शालीवर इस्त्री टेकवू नका, जाळी कायमची लुळी पडते. शाल पसरून पिना मारा आणि वरूनच वाफ द्या.

धुळेकरीण: सुती दोरा चालेल? आपल्याकडे थंडी ती किती दिवस!

जळगावची: चालेल, पण स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो. दोन-तीन ओळी आधीच थांबा.